पत्र बरोबर होतं

तार्तू. डिसेंबर. साडेतीनलाच दिवे लागलेत.
काचपट्टीवर काल्यूच्या मज्जारज्जूची चकती,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
हिरवं चकाकायला हवं होतं केंद्रकात.
तिथे काळोख.
आणि उंबऱ्याबाहेर, पेशीच्या अंगणात,
गुठळ्या.

एकच प्रथिन, आणि कामं बघा :
आरएनए लिहून झाला की त्यातलं नको ते कातरायचं,
जी ओळ छापायचीच नाही
तिच्यावर हात ठेवून बसून राहायचं,
उरलेला मजकूर पाठीवर घेऊन
कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत
पेशीच्या त्या लांबलचक दोरीवरून चालायचं,
वाटेत उघडू द्यायचा नाही.
आणि स्वतःच्याच नावाचा हुकूम हाती पडला
तर तोही वाचून रद्द करायचा :
पुरे. माझ्यासारखे आणखी नकोत.
(मला हे सगळ्यात आवडतं.
इतकं भान माझ्या ओळखीत कुणाला नाही.)

काल्यू टपाल वाटायचा, एकतीस हिवाळे,
पैप्सी सरोवराच्या गोठलेल्या पाठीवरून, स्कीवर.
आधी पेटीची किल्ली फिरेना.
मग बोटं. मग पाय. मग घास.

लेइदा मुस्त्वेच्या बसने आली,
वर्तमानपत्रात धुरावलेला मासा घेऊन.
म्हणाली, काय मोडलं होतं त्याच्यात?
मी कागदावर गोल काढला, गोलाबाहेर ठिपके.
आतलं काम सोडून हे बाहेर गेलं, म्हटलं.
मग कातरायच्या ओळी राहून गेल्या,
न पोचलेले निरोप तसेच.
का गेलं?
माहीत नाही.
आणि मूळचं पत्र?
ते बरोबर होतं. तपासलंय. अक्षरन् अक्षर.

ती बराच वेळ हातमोजा उलटा करत बसली.

एकच राहिलं त्याच्याकडून, म्हणाली.
त्या वर्षी बर्फ मध्येच फुटला होता.
परवा बटाट्यांच्या पेटीखाली सापडलं,
ज्याचं होतं तो बेटावरून कधीच गेला.
काय लिहिलंय? मी विचारलं,
आणि विचारल्याची लाज वाटली.

उघडलं नाही. आपलं नाही ते.

शेवटची बस पावणेसहाची.
मासा अजून टेबलावर आहे, खोलीभर वास.
मी दिवा मालवून पुन्हा डोळा लावते :
चकतीच्या कडेला एक पेशी,
एकच,
अजून आतून हिरवी.