दुसरा हात

शेडकार्डात सतरा हिरवे होते.
पोपटी, पिस्ता, मेंदी, शेवाळी,
एकाचं नाव नुसतंच ‘निवांत’.
मी बोट ठेवलं शेवटच्या चौकोनावर.
दुकानदार म्हणाला, हा गेटला लावतात, मॅडम,
हॉलला लावलात तर खोली लहान दिसेल.
चारकोपची दहा बाय अकराची खोली,
अजून किती लहान दिसणार आहे ती?

शालनला फोनवर सांगितलं तर हसली.
एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात हिरवंच बघितलंस,
आता निवृत्त होऊन पण तेच?
तो हिरवा वेगळा गं.
उकळून उकळून विटलेला,
रक्त पडलं तर तपकिरी दिसावं म्हणून नेमलेला.
हा अळूच्या पानाचा, देठाजवळचा,
जिथून पाणी आधी घरंगळतं.

खेडचा हनीफ मुल्ला आला, पोराला घेऊन.
भिंत घासली तेव्हा खालून निघाले
एक गुलाबी, एक आकाशी,
आणि सगळ्यात वर यांनी स्वतः मारलेला क्रीम,
ब्रशचे केस अजून अडकलेले त्यात.

सोसायटीचे गावणकर दारातून डोकावले.
हिरवा? म्हणजे, छानच आहे,
पण लोकांना जरा वेगळं वाटेल, नाही का?
हनीफ रोलर निथळत राहिला,
गरजेपेक्षा जास्त वेळ.
मी म्हटलं, माझ्या लग्नात दोन्ही हातांत हाच रंग होता,
तेव्हा नाही कुणाला वेगळं वाटलं.
तो उतरवला त्याला नऊ वर्षं झाली,
हे काही बोलले नाही.

पहिला हात भयंकर दिसला.
अर्धवट पुसलेल्या फळ्यासारखा.
रात्री पलंगावर बसून मी पैसे मोजले,
क्रीमचा एक डबा कितीला पडेल ते पाठीमागच्या कागदावर लिहिलं.
सकाळी हनीफला म्हटलं, राहू दे का?
तो म्हणाला, ताई, गडद रंगाचा निकाल
पहिल्या हातावर नाही लावायचा.

दुसरा हात सुकला संध्याकाळी सातला.
ट्यूबलाइट त्याला सोसेना, निळसर पडला,
म्हणून चौकात चालत जाऊन पिवळा दिवा आणला.
लावला.
आणि समोरची भिंत
मागे सरकली.
कोपरा कुठे संपतो तेच कळेना.
खिडकीबाहेरचे शेजारच्या बिल्डिंगचे पाइप,
दोरीवरच्या चड्ड्या, कुणाचा तरी कुलर,
सगळं एकदम लांबचं झालं.
तूरडाळीचा स्टीलचा डबा
दागिन्यासारखा दिसायला लागला.
हसूच आलं मला.

स्विचबोर्डाच्या कडेला हनीफचा अंगठा उमटला होता.
तो ओलं फडकं घेऊन पुसायला निघाला,
मी म्हटलं, असू दे.

लोखंडी कपाट मात्र हललं नाही.
तिघांनी जोर लावला,
पण त्याचे पाय फरशीत रुतलेले.
त्याच्या मागे तो क्रीम तसाच आहे,
माणसाच्या उंचीचा,
कोळिष्टकांसकट.
हिरवा कपाटाच्या कडेपर्यंत जाऊन
थांबलाय.
उरलेला पाव डबा माळ्यावर ठेवलाय,
झाकण हातोडीने ठोकून.