आठवा

बॅन नदीचं पाणी यंदा तिसऱ्यांदा बोटहाऊसमध्ये शिरलं
आणि जाताना उत्तरेची भिंत सैल करून गेलं.
इंजिनिअर एकेक वीट बोटाने ढकलून पाहत होता,
दुखऱ्या दाताला पुन्हा पुन्हा जीभ लावावी तसा.
त्र्याण्णव हजार पौंड, म्हणाला.
छपराचं वेगळं.

वही माझ्याकडे आली, कारण मी गाव सोडलं नव्हतं
आणि माझं अक्षर बरं आहे.

अडुसष्ट साली कॉलेजच्या बोटीत घेतलं मला, वजन कमी म्हणून.
आवाज मोठा आहे, हे त्यांना नंतर कळलं.
आठ जण पाठमोरे पुढे जाणारे,
सुकाणूवर मी, एकटी नदी बघणारी.
म्हणजे बघायची ती गिलफिलनला,
गुडघ्याला गुडघा, आठव्या जागेवर.
त्याच्या खांद्यांवरून बाकीच्यांचे तुकडे:
लेव्हर्टीचा कान,
क्विगचे आवळलेले दात.

पत्राची सुरुवात आधी ‘आठवा’ अशी केली होती.
खोडली. सत्तरी उलटलेल्यांना असं दरडावू नये.
मग लिहिलं, जमेल तसं, फूल ना फुलाची पाकळी.
विटेवर नाव: पन्नास.
वल्ह्यांच्या मांडणीवर: पाचशे.
दारावर: प्रत्यक्ष विचारावे.

क्विगच्या सुनेनं कळवलं,
ते आता कुणाला ओळखत नाहीत,
पण पत्रावरची बोट दिसली आणि दोन्ही हात ओढू लागले,
जेवणाचं ताट सांडेपर्यंत.
सोबत वीस पौंड.
लेव्हर्टीला विटेवर कुत्र्याचं नाव हवंय.
मॉहिनी विचारतो, नव्या आराखड्यात
मुलींना कपडे बदलायला खोली आहे ना? नात वल्हवते त्याची.
(मी तीन वर्षं कोळशाच्या खोलीत बदलले.
तेव्हा त्याने विचारलं नव्हतं.)
दोन पत्रं परत आली, शिक्का मारून.

आणि सिंगापूरहून गिलफिलन:
सगळे पैसे मी देतो, एकरकमी.
दारावर नाव माझं. फक्त माझं.
कमिटी इतकी हरखली
की कुणीतरी शेरीची बाटली उघडली.

त्याच आठवड्यात सुताराने आतल्या फळ्या काढल्या.
एका फळीच्या पाठीवर वॅटी पर्डीची पेन्सिल.
वॅटी बोटी दुरुस्त करायचा, चहा उकळायचा,
आणि आम्हाला उधार द्यायचा, हे मी विसरलेच होते.
लेव्हर्टी, दोन बन. खाली रेघ, फिटले.
क्विग, सिगारेटी. रेघ.
गिलफिलन, चार शिलिंग.
खाली काही नाही.

फोटो काढून पाठवला मी सिंगापूरला.
एक अक्षर सोबत लिहिलं नाही.
कमिटीला विचारलंही नाही.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं:
दोन-दोन शिलिंगची दोन जुनी नाणी,
पुठ्ठ्याला चिकटवलेली.
चेक नाही.
कमिटी सध्या माझ्याशी बोलत नाही.

त्या रात्री अडीचला फोन वाजला.
पलीकडे कुणी बोलेना. नुसता श्वास.
तीन वर्षं माझ्या तोंडासमोर होता तो श्वास,
शर्यतीच्या शेवटी शेवटी जरासा अडखळायचा.
अजून अडखळतो.
मी म्हणाले, मोजा.
धक्का सोडण्याआधी म्हणायचे, तसंच.
सात जणांना लागेल इतका वेळ
तारेत काहीच नव्हतं.
मग तो म्हणाला,
आठ.

एकतीस हजार अजून कमी आहेत.
छपरावर निळी ताडपत्री, वाऱ्याला फडफडते.
सकाळी वहीत जमा केले: चार शिलिंग, चलनात नाहीत.
मग टॉर्च घेऊन खाली गेले
आणि फळीवर, त्याच्या नावाखाली,
रेघ ओढली.
लाकूड ओलं होतं,
पेन्सिल नीट उठली नाही.