पंधरा मिनिटं

शिरोलीच्या फौंड्रीतले सहा फोरमन,
ताराबाई पार्कातल्या हॉटेलात,
घडीच्या शर्टात मान आखडून बसलेले.

माझ्याकडे तक्ता :
ऐकून घेणं, पटवणं, निर्णय.
एक ते पाच. पेन्सिलीनं.

अण्णाप्पा चौगुले आत आले.
समोर चिडलेला कामगार,
म्हणजे नाटकातला सुहास शिंगटे, रोजावर आणलेला.
"रजा पायजे सायब. आई दवाखान्यात हाय."

"मग थांबलाईस कशाला? जा की."

संपलं. अर्धं मिनिट.
सुहासची भांडणाची अजून नऊ वाक्यं पाठ होती.
तो माझ्याकडे बघू लागला, मी घड्याळाकडे.
उरलेल्या वेळाचं काय करायचं
हे कुठल्याच सूचनेत नव्हतं.

अण्णाप्पांनी खुर्ची जवळ ओढली.
"कुठल्या दवाखान्यात?"
"सीपीआर."
हे कागदावर नव्हतं.
"वॉर्ड?"
त्यानं वॉर्डही सांगितला, खाटेचा नंबरही,
आणि मग आवाज नाटकातला राहिला नाही.

'पटवणं'समोर मी दोन लिहिलं.
खोडलं. चार लिहिलं.
तेही खोडलं.

संध्याकाळी तक्ते जमा केले.
त्या एका चौकोनात
कागद इतका विरला होता
की खालच्या टेबलाचा रंग दिसत होता.