पेवाजवळ

या वसाहतीचं नाव मी तीनदा रंगवलंय.
मजुरी दोनदा मिळाली.

पहिल्यांदा पत्र्यावर, काळ्यावर पांढरं:
गट नंबर चारशे सतरा, बिगरशेती मंजूर.
नेमगोंडा आण्णा मगदूम शिडीखाली छत्रीवर टेकून उभे.
म्हणाले, "इलाही, सात जरा ठळक काढ.
हळदीचं रान म्हणून शेवटचंच लिहितोयस."

चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट
आणि रेघांच्या मधोमध पेवं,
तोंड माणसाच्या खांद्याएवढं, पोट खोलीएवढं.
आण्णा सांगायचे, उघडलं की आधी कंदील सोडायचा.
विझला तर माणूस सोडायचा नाही.

पाच सालच्या पुरात कृष्णा त्या तोंडांतून आत गेली.
हळद फुगली, कुजली, महिनाभर वास.
मग पेवांत मुरूम भरला
आणि भाव वाढला.
चौरस फुटाचा.

दुसऱ्यांदा आण्णांचा नातू, कॅनडातून, फोनवर:
"मेपल पार्क लिहा. मी राहतो तिथलं नाव आहे."
तिथं काय होतं आधी, विचारलं.
"शेतंच. आणि मेपलची झाडं."
आहेत का अजून?
"आहेत की. बोर्डावर."
पानाचा फोटो पाठवला त्यानं. लाल, पाच बोटांचं.
मी मनापासून काढलं.
सकाळी दूध घ्यायला आलेल्या आवटीबाई थांबल्या:
"एरंड कशाला काढलास रे?"

तिसऱ्यांदा सोसायटीची मीटिंग.
निम्म्यांना वर्धमाननगर हवं, निम्म्यांना कृष्णाई,
जतहून आलेले एक मास्तर म्हणाले, पाण्याचं नाव नको.
चहा झाला, मतं सारखी पडली,
तोवर म्हणून लिहिलं: नवी वसाहत.
नऊ वर्षं झाली, अजून नवीच आहे.
पैसे यायचेत.

गेल्या चैत्रात ड्रेनेजच्या कामाला जेसीबी आला
आणि त्याचं मागचं चाक खचलं.
एक पेव भरायचं राहिलं होतं.
नर्सबाई, बँकेतले कुलकर्णी, क्लासची पोरं,
सगळे गोळा झाले त्या पिवळ्या मातीभोवती.
एकानं दोरीला मोबाइल बांधून आत सोडला,
बॅटरी लावून.
खाली उजेड दिसला. पोरगं चप्पल काढून बसलं उतरायला.

बॅटरीला काय कळतंय.

मी त्याची कॉलर धरली.
रंगाच्या रिकाम्या डब्यात टर्पेंटाइनची चिंधी पेटवली,
डबा सोडला.
आठ-दहा फुटांवर विझला.
कुणी काही बोललं नाही,
सगळे मिळून एक पाऊल मागं सरकले.

दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडलं.

आता कालचंच. पार्सलवाला पोरगा फोनवर, वैतागलेला:
"मेपल पार्क म्हणतंय, नवी वसाहत म्हणतंय, कुठं येऊ?"
आणि नर्सबाई गॅलरीतून,
मिरजेहून येऊन सहा वर्षंच झालेली बाई,
"पेवाजवळ ये."
"कुठलं पेव?"
"आता नाही ते.
तिथंच ये."