हमी

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो आला.
सक्करदऱ्यात, तलावाकडून दुसऱ्या गल्लीत आमचं दुकान,
शटर अर्धं वर, आत मागच्या वर्षीचे कूलर
पाठीला पाठ लावून धूळ खात.
हातात पिशवी, पिशवीत चिठ्ठी,
पाचपावलीच्या ताराबाई मौंदेकरांची.
त्या अशा चिठ्ठ्या देतात. निम्म्या बाजारानं त्या फाडल्यात,
मला माहीत आहे,
एक मीही फाडली होती, दोन वर्षांपूर्वी.

हेमराज पौनीकर. वय एकेचाळीस.
अनुभव : सुतारकाम, नऊ वर्षे.
कुठे, म्हणून विचारलं.
"वर्धा रोडले," तो म्हणाला, "भिंतीच्या आत."
मग आपणच : "मारामारी झाली होती, काकू. माणूस गेला."
'गेला' म्हणताना त्यानं हातांकडे नाही पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं.

पहिले आठ दिवस शटरबाहेर थांबायचा.
शटर पूर्ण वर, मी गल्ल्यावर, तरी बाहेरच,
कोणी ये म्हणेपर्यंत.
डबा साडेचारला उघडायचा.
"इतक्या लवकर?"
"सवय हाय. तिथं सहाले बंदी."
पण त्यानं ठोकलेला स्टँड
हलत नाही. खाली पुठ्ठा लागत नाही.
ताट्यांत वुडवूल असा भरतो
की पाणी कोपऱ्यापर्यंत सारखं झिरपतं.

एप्रिलमध्ये पारा चव्वेचाळीसला गेला
आणि त्रिमूर्तीनगरच्या बाईंचा फोन आला :
"तो तुमचा नवीन माणूस, कुणीतरी सांगितलं मला...
बेडरूमपर्यंत येऊन गेला हो तो!
त्याची हमी तुम्ही घेता का?"

समोर बिलबुक होतं. त्यावर छापलेलं :
पंप सहा महिने. मोटर एक वर्ष.
पत्र्याला गंज चढल्यास जबाबदारी नाही.
आमच्या ह्यांनी छापून घेतलेलं.
ह्यांनी दोनदा अख्ख्या सीझनचा गल्ला सट्ट्यात घातला,
वुडवूलवाल्याचे पैसे बुडवले,
लोक शेवटपर्यंत शेठ म्हणाले.
कोणी हमी मागितली नाही.

हे सगळं बाईंना सांगायचं होतं.
"मोटरची आहे, एक वर्ष," एवढंच म्हणाले
आणि फोन ठेवला.
त्या परत आल्या नाहीत. त्यांच्या जावेची ऑर्डरही गेली.

त्याला कसं कळलं, कोण जाणे.
"मी मागंच बसतो, काकू. ताट्या भरतो.
घरोघरी अंकुशले पाठवा."
मला बरं वाटलं.
ते वाटलं, म्हणून इथे लिहिते.

चार दिवसांनी अंकुशला ऊन लागलं.
मनीषनगरला तिसरा माळा, पंप बंद,
घरात बाळंतीण.
अवजारांची पिशवी मी हेमराजच्या पायाशी ठेवली,
हातात द्यायचं धाडस नव्हतं, माझं की त्याचं, माहीत नाही.
त्यानं ती उचलली.
रात्री साडेतीनशे रुपये गल्ल्यावर मोजून ठेवले.
म्हणाला, "पन्हं देल्लं. कपात नाही,
घरच्या गिलासात."
आणि त्या दिवशी डबा नऊला उघडला.

आता जून आला.
कूलरचा धंदा चार महिन्यांचा,
ढग दिसले की लोक ताट्या काढून गच्चीवर फेकतात.
जुने पंप, गंजलेले पत्रे, सगळं मांडून पाहिलं,
दोन माणसांचा पगार निघत नाही.
इतवारीत एक फर्निचरवाले ओळखीचे आहेत.
ओळखीचे म्हणजे, ह्यांचं देणं ज्यांचं मी फेडलं.

बिलबुकाचं पान उलटं करून लिहायला बसले.
हेमराज पौनीकर. सुतारकाम, नऊ वर्षे.
थांबले.
पुढे लिहिलं : आणि एक सीझन, माझ्याकडे.
खाली सही, दुकानाचा शिक्का.

फाडतील तर फाडोत.
खाली कार्बन घातला आहे.