उमाठे साहेबांचा अभिप्राय

नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी
सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यावरची पितळी पाटी
साहेबांनी स्वतः उतरवली.
'बॅरिस्टर' नव्या पाटीवर मावत नव्हतं,
पेंटरनं ते बारीक करून कोपऱ्यात बसवलं.

व्हरांड्यातलं बाक त्याच आठवड्यात रिकामं.
इतवारीचे संत्रेवाले, उमरेडचा तो ठेकेदार,
पाचपावलीचे कोष्टी, कुणी येईना.
यायच्या त्या फायली, लाल फितीतल्या.
त्यांना चहा विचारावा लागत नाही.

मी टंकलेखक. सोनकुसरे.
साहेब बोलायचे, मी बडवायचो.
वाळ्याच्या पडद्यावर गडी पाणी मारायचा,
तरी मे महिन्यात मशीनची अक्षरं बोटांना भाजायची.

मग ती फाईल आली.
पांजणीचं मैदान. सरकारला तिथे गोदाम हवं होतं.
झिबल परात्याला याच व्हरांड्यात, दोन वर्षांमागे,
साहेब म्हणाले होते, "वहिवाट पक्की आहे तुमची. निजा खुशाल."
फी म्हणून त्यानं धोतरजोडा ठेवला होता, स्वतः विणलेला.
फाईल आली त्या दिवशी तोच साहेबांच्या अंगावर होता का?
पुष्कळदा आठवून पाहिलं.

अभिप्राय सव्वा पानाचा झाला.
सरकारची बाजू लंगडी आहे, एवढंच,
पण इंग्रजीत, म्हणजे अदबीनं.
पाचव्या दिवशी सचिवालयातून परत,
समासात पेन्सिलीनं एक शब्द, 'फेरविचार?'
प्रश्नचिन्ह फार सभ्य होतं.

रात्रभर साहेब पुस्तकं काढत होते, ठेवत होते.
सकाळी म्हणाले, सोनकुसरे, घ्या.
आणि विलायतेत कमावलेल्या त्या स्वच्छ आवाजात
'हाउएव्हर'पासून सुरुवात केली.

मी पाचपावलीचाच. त्यांना ठाऊक होतं.
पूर्णविराम कुठे, स्वल्पविराम कुठे, सगळं सांगितलं,
माझ्याकडे तेवढं पाहिलं नाही.

मैदान गेलं.
पुढे राजधानीच गेली, फायली ट्रकांत चढल्या,
साहेबांच्या नव्या पाटीलाही गंज आला.
झिबल गेला तेव्हा ते घाटावर आले होते,
लांब, छत्री मिटून, उन्हात.
आई म्हणाली, "आला तं खरा, बाप्पा."

कार्बन माझ्याजवळ आहे.
टंचाई होती, एकच कागद दोन्ही वेळा वापरला.
उजेडाकडे धरला की दोन्ही अभिप्राय दिसतात,
एकावर एक, उलटे.
झिबलच्या नावावर बरोबर 'हाउएव्हर' बसलंय.
चष्मा बदलून पाहिला.
खालचं वाचता येत नाही.