दोन मंगळवार

मुंगीकाका लिस्बनहून घरी आले ते आमच्या फ्रिजवर.
हे मी अलंकारिक बोलत नाही, वहीत लिहिलंय:
फ्रिज, दोनशे साठ लिटर, आठ ऑक्टोबर,
कार्ड काकांचं, रोख आमची,
पॉइंट त्यांचे.

लोकमान्यनगरात कुणी खरेदीला निघालं
की काका फाटकाशी उभेच. "थांब रे भिया, कार्डाने भरू."
वीज मंडळातून सुटले, पण मीटर वाचायची खोड गेली नव्हती.
नोटा दोनदा मोजायचे,
बारीक अक्षरात वहीत उतरवायचे.
आडनाव मुंगी, त्यामुळे विनोद आम्हाला आयतेच.

माझी इंजिनिअरिंगची फी, चार वर्षांची.
खांडवेमामींचा मोतीबिंदू, उजवा
(डावा त्यांनी नातवाच्या कार्डावर केला;
काका महिनाभर बोलले नाहीत).
शुभदाच्या लग्नाचा हॉल, मांडव, केटरर,
तीन वर्षांनी घटस्फोटाचा वकील.
पहिल्या वकिलाकडे मशीन नव्हतं
म्हणून काकांनीच दुसरा शोधून दिला.

सराफ्यात रात्री गराडू खाताना कुणीतरी म्हणायचंच,
काका, एवढ्या पॉइंटांत मिक्सर येतो.
"मिक्सरवर बसून कुठं जाता येतं?"

नियम मला त्यांच्याकडून पाठ झाले होते.
निघायचं तिथंच परतायचं.
पूर्वेला निघालात तर पूर्वेलाच.
दोन्ही महासागर, एकेकदा.
मागे फिरता येत नाही. हे ते दोनदा सांगायचे.

बाबांच्या वेळी हॉस्पिटलच्या खिडकीशी
मी कागद धरून उभा होतो, आकडा वाचता येत नव्हता.
काकांनी मागून कार्ड सरकवलं.
त्या दिवशी रोख मागितली नाही.
पुढे दोन वर्षं मी हप्त्याने फेडत राहिलो,
ते प्रत्येक वेळी पावती लिहायचे आणि शाई वाळेपर्यंत
तिच्याकडेच बघत बसायचे.
पॉइंट पुरे झाले ते त्या बिलावर.
वार मंगळवार.

फेब्रुवारीत निघाले. बिजासन टेकडीच्या मागून
विमान उठताना आम्ही गच्चीवरून हात हलवले,
नंतर कळलं ते दुसरंच विमान होतं.
इंदूर ते दिल्ली साधी सीट, तीही मधली.
पुढे मात्र बटण दाबलं की खुर्चीचा पलंग.
ऑम्लेटवर जीरावन भुरभुरवलं
तर हवाई सुंदरीने डबी हातात घेतली,
वास घेतला आणि चारदा शिंकली.

परत आले आणि वही घेऊन घरोघर फिरले,
ज्याचं त्याला.
खांडवेमामींना डोळ्यांवर बांधायची पट्टी.
आईला फ्रिजबद्दल लोकरी मोजे.
शुभदाला मीठ-मिरीच्या इवल्याशा बाटल्यांची जोडी;
ती म्हणाली, मीठ ठेवते,
मिरी तुम्हीच घेऊन जा.
मला फीबद्दल घडीचा दातांचा ब्रश.

आणि बाबांचं, काका?

बोट वहीत तसंच राहिलं.
ते टोकियो ते होनोलुलू.
मंगळवारी रात्री निघालं विमान,
आणि उतरलं तेव्हा सकाळ होती,
मंगळवारची.
"एक दिवस जास्तीचा येतो तिथं. कुणी मागत नाही,
पृथ्वीच देते, गोल आहे म्हणून."

मग काय केलंत?

"झोपलो नाही. पलंग केलाच नाही खुर्चीचा.
दोन कप चहा मागवला.
शेजारची जागा रिकामी होती.
बिल नाही आलं रे. तिथं कशाचंच बिल येत नाही."

वहीत ती तारीख दोनदा होती, एकीखाली एक,
दुसरीपुढे काहीच नाही.
आणि खालच्या ओळीत, ताज्या शाईत:
मिक्सर, खांडवेमामी.